माफी होईल म्हणून हप्ता थांबवू का?

काकू, मी निफाड तालुक्यातली. वडिलांची तीन एकर शेती, त्यात दीड एकर द्राक्षबाग. नाशिकच्या एका खासगी कॉलेजातून मेकॅनिकल केलं. चार वर्षांत मिळून ४ लाख ४० हजारांचं शैक्षणिक कर्ज काढलं, सहकर्जदार बाबा. हप्ते सुरू झाले तेव्हा आकडा ६ लाखांवर गेला होता. आता अंबडच्या एका कंपनीत क्वालिटीला आहे, हातात १९ हजार येतात. सिडकोत तिघींनी मिळून खोली घेतली आहे. ८,१०० चा हप्ता चौदा महिन्यांत एकदाही चुकवला नाही. परवा स्टेटमेंट काढलं. १ लाख १३ हजार भरलेत आणि कर्ज कमी झालंय फक्त ४२ हजारांनी. बँकेच्या पायरीवरच बसून रडले.

दादा म्हणतो, भरूच नको. शेतकऱ्यांची कर्जं माफ झाली, अमेरिकेत विद्यार्थ्यांची झाली, उद्योगपतींची लाखो कोटींची होतात. आपलीही होईल, भरणारा तेवढा मूर्ख ठरतो. २०१९ च्या कर्जमाफीत बाबांचं खातं २ लाखांच्या वर गेल्यामुळे बसलं नाही आणि शेजारच्यांचं पूर्ण गेलं, हे तो रोज ऐकवतो. बाबांचं वेगळंच. माझ्या लग्नाचा विषय निघाला की म्हणतात, अर्धा एकर विकतो आणि पोरीला मोकळी करतो. चुलत बहिणीला आता इंजिनिअरिंगची फीच भरावी लागत नाही. तिच्यासाठी आनंद आहे, पण रात्री झोप लागत नाही. काकू, हप्ता थांबवू का?

– एक वाचक, सिडको, नाशिक

लेकी,

आधी उत्तर देते, मग कारणं. थांबवू नकोस. पण १९ हजारांतून ८,१०० असेच भरत राहा, असंही मी म्हणणार नाही. हा हप्ता तुला झेपणारा नाही, तो कमी करून घ्यायचा आहे. आणि आजवर एकही हप्ता चुकलेला नाही, ही त्या कामासाठी तुझ्या हातातली सगळ्यात जड गोष्ट आहे. दादाच्या नादानं ती घालवू नकोस.

दादाचं म्हणणं मी उडवून लावत नाही. उलट त्याच्या बाजूचा एक प्रसंग मीच सांगते. २००८ साली मी पिंपळगावच्या बाजूला एका बँकेच्या शाखेत शेतीकर्जाच्या टेबलावर होते. २९ फेब्रुवारीला केंद्राच्या अर्थसंकल्पात कर्जमाफी जाहीर झाली. नियम असा होता की कर्ज ३१ डिसेंबर २००७ ला थकलेलं हवं आणि २९ फेब्रुवारी २००८ पर्यंत भरलेलं नको. आमच्या शाखेत एक शेतकरी होते, त्यांनी जानेवारीत बायकोची पोत मोडून थकबाकी भरली होती. ते पासबुक घेऊन माझ्यासमोर बसले आणि म्हणाले, "मॅडम, मी पैसे भरले ही चूक झाली का?" मला उत्तर देता आलं नाही. आजही नीट देता येत नाही. ज्यानं पोट मारून भरलं त्याच्या पदरात काही नाही, हा अन्याय खरा आहे आणि तुमच्या घरानं तो भोगला आहे. पुढच्या माफ्यांमध्ये नियमित भरणाऱ्यांसाठी प्रोत्साहन रक्कम आली, २०१७ ला २५ हजारांपर्यंत आणि नंतर ५० हजारांपर्यंत, ती याच सलामुळे.

पण त्या शाखेत मी दुसरी बाजूही पाहिली. २००८ नंतर 'पुढच्या वेळी आपणही थांबू' असं ठरवून कितीतरी जणांनी भरणं बंद केलं. राज्यात पुढची मोठी कर्जमाफी आली २०१७ ला. एवढी वर्षं खातं थकलेलं म्हणजे एवढी वर्षं नवीन पीककर्ज नाही. छाटणीला, औषधांना पैसे आणायचे तर सावकाराकडून, महिन्याला शेकडा तीन-चारानं. २०१७ ला मर्यादा निघाली दीड लाखाची, २०१९ ला दोन लाखांची, आणि थकलेलं खातं व्याजानं फुगून त्या रेषेच्या वर गेलेलं. तुझ्या बाबांचं खातं कशामुळे वर गेलं होतं ते एकदा त्यांना शांतपणे विचार. माझा अंदाज आहे, मुद्दल रेषेच्या आतच असेल आणि व्याजानं बाहेर काढलं असेल. माफी कधी येणार, कुठल्या तारखेपर्यंतची थकबाकी धरणार, किती रकमेपर्यंत देणार, हे तिन्ही आकडे सरकारला माहीत असतात. थांबणाऱ्याला त्यातला एकही माहीत नसतो.

आणि हे शेतीकर्जाचं, जिथं माफी निदान होऊन गेली आहे. शैक्षणिक कर्जाची देशभर सरसकट माफी आजवर एकदाही झालेली नाही. आश्वासनं झाली. २०२१ ला तमिळनाडूत द्रमुकनं दिलं. २०२४ च्या लोकसभेला काँग्रेसच्या जाहीरनाम्यात होतं की १५ मार्च २०२४ ला थकलेली शैक्षणिक कर्जं व्याजासकट माफ करू आणि बँकांना सरकार भरपाई देईल. तो पक्ष सत्तेवर आला नाही, विषय तिथंच राहिला. त्या मार्चमध्ये जाहीरनाम्याच्या भरवशावर कुणी हप्ता थांबवला असेल, तर त्याचं व्याज आजही चालूच आहे.

आता अमेरिका. तिथं ऑगस्ट २०२२ मध्ये अध्यक्ष बायडन यांनी जाहीर केलं की ठरावीक उत्पन्नाच्या आतल्या कर्जदारांचे १० हजार डॉलर माफ, आणि गरीब घरातल्या मुलांना मिळणारं पेल अनुदान ज्यांनी घेतलं होतं त्यांचे २० हजारांपर्यंत. दोन कोटींहून जास्त लोकांनी अर्ज केले, दीड कोटींहून जास्त अर्ज मंजूरही झाले. तेवढ्यात सहा राज्यं न्यायालयात गेली. ३० जून २०२३ ला सर्वोच्च न्यायालयानं सहा विरुद्ध तीन मतांनी योजना रद्द केली. एवढा मोठा निर्णय संसदेकडून स्पष्ट अधिकार घेतल्याशिवाय सरकारला करता येत नाही, असं न्यायालयाचं म्हणणं. मंजुरीचं पत्र हातात असलेल्या माणसाला ऑक्टोबर २०२३ पासून पुन्हा हप्ते सुरू झाले. हे दादाच्या रीलमध्ये नसणार. बायडन यांच्या सगळ्या कारकिर्दीत मिळून तिथं सुमारे ५० लाख लोकांची कर्जं माफ झाली हेही खरं आहे, पण ती बहुतेक आधीपासून कायद्यात असलेल्या अटींवर. उदाहरणार्थ २००७ ची एक योजना आहे: शिक्षक, परिचारिका, सरकारी किंवा सेवाभावी संस्थेतला कर्मचारी यांनी दहा वर्षं काम करून १२० हप्ते भरले, तर उरलेलं कर्ज माफ. त्यांनाही माफी मिळाली ती भरत राहूनच.

शिवाय तिथलं बहुतेक शैक्षणिक कर्ज खुद्द केंद्र सरकारनं दिलेलं असतं. सावकारच सरकार, त्यामुळे सोडायचं म्हटलं तर स्वतःचं येणं सोडायचं. आपल्याकडं तुझं कर्ज बँकेनं दिलं आहे, ठेवीदारांच्या पैशातून. सरकारला ते माफ करायचं तर आधी बँकेला तेवढे पैसे मोजावे लागतात. म्हणून आपल्याकडं ही गोष्ट बोलायला सोपी आणि करायला महाग आहे.

उद्योगपतींच्या 'माफी'बद्दलही एकदा नीट समजून घे, कारण या एका शब्दानं फार घोळ केला आहे. बातमीत येतं ते बहुतेक वेळा राइट ऑफ असतं, म्हणजे निर्लेखन. चार वर्षं वसूल न झालेलं कर्ज बँक आपल्या ताळेबंदातून बाजूला काढते. कर्जदाराचं देणं त्यानं संपत नाही, वसुलीचा दावा चालूच राहतो. माफीत देणंच संपतं. पण दादाचा राग मी खोटा म्हणत नाही. निर्लेखित झालेल्या मोठ्या कर्जातलं परत येतं ते थोडं, आणि तुझ्यासारखीला मात्र हप्त्याच्या दुसऱ्या दिवशी फोन येतो. हा राग मतदान करताना आणि सभेत प्रश्न विचारताना वापरावा. हप्ता थांबवून तो उद्योगपतीपर्यंत पोचत नाही, तो तुझ्या आणि बाबांच्या खात्यावर उतरतो.

कसा उतरतो ते आकड्यांत सांगते. ६ लाखांवर दहा वर्षांसाठी ८,१०० चा हप्ता म्हणजे तुझा व्याजदर साडेदहा टक्क्यांच्या आसपास असणार. आज तुझ्याकडं बँकेचं साधारण ५ लाख ५८ हजार येणं आहे. भरणं थांबलं की दिवसाला १६० रुपये व्याज चढतं. वर्षभरात कर्ज ६ लाख १९ हजारांच्या पुढं जातं, दंड वेगळा. चौदा महिन्यांत तू जे कमावलंस ते सगळं पुसलं जाऊन वर आणखी. ९० दिवस हप्ता गेला नाही की खातं एनपीए, म्हणजे बुडीत धरलं जातं, आणि सिबिलमध्ये तुझ्यासोबत बाबांचंही नाव, कारण ते सहकर्जदार आहेत. उद्या बागेला ठिबक करायचं असेल किंवा ट्रॅक्टर घ्यायचा असेल, तर बँकेत ती नोंद त्यांच्या आधी पोचलेली असेल.

त्या ४२ हजारांबद्दल मात्र रडू नकोस. बँकेनं तुला फसवलेलं नाही. सुरुवातीच्या हप्त्यात व्याजाचा वाटा मोठा असतो. तुझ्या पहिल्या हप्त्यात जवळजवळ ५,२५० व्याज होतं आणि मुद्दल जेमतेम २,८५०. पुढं पुढं हे पारडं फिरत जातं. हे तुला कर्ज देतानाच कुणीतरी कागदावर काढून दाखवायला हवं होतं. आम्ही बँकवाल्यांनी हे काम नीट केलेलं नाही, आणि वीस-बावीस वर्षांची पोरं पायरीवर बसून रडतात त्याचं कारण मला आमच्यातच दिसतं.

आता काय करायचं. पुढच्या आठवड्यात रजा काढून शाखेत जा, तोंडी बोलू नकोस, लेखी अर्ज दे आणि त्याच्या प्रतीवर पोच घे. पहिली मागणी मुदतवाढीची. बँका ज्या आदर्श योजनेवर शैक्षणिक कर्ज देतात तिच्यात परतफेडीला पंधरा वर्षांपर्यंत मुदत देता येते. पाच वर्षं वाढली तर तुझा हप्ता साडेसहा हजारांच्या आत येईल. याची किंमत लपवत नाही: एकूण भरणा दोन लाखांच्या आसपास वाढतो. म्हणून पगार वाढला, दिवाळीचा बोनस आला की जास्तीचे पैसे मुद्दलात टाकायचे. बदलत्या व्याजदराच्या वैयक्तिक कर्जाला मुदतपूर्व भरण्याचा दंड लागत नाही. आज श्वास घ्यायला जागा कर, धावायचं नंतर बघू. त्याच योजनेत पगार कमी असताना लहान आणि पुढं चढता हप्ता ठेवण्याचीही सोय आहे, आणि नोकरी गेली किंवा फारच अपुऱ्या पगाराची असली तर काही महिन्यांची सवलत देण्याचीही. शाखेतल्या नव्या अधिकाऱ्याला हे ठाऊक नसेल तर अर्जात तू लिही. सिबिलला याची नोंद कशी जाईल हेही लेखी विचार. हे सगळं खातं सुरळीत असताना मागायचं असतं. थकल्यावर तीच मागणी केली तर बँक वेगळ्या नजरेनं बघते.

दुसरी गोष्ट तू पत्रात लिहिलेली नाहीस आणि मला तीच सगळ्यात जास्त खटकते आहे. ४ लाख ४० हजारांचे ६ लाख झाले, म्हणजे शिकत असतानाच्या काळाचं १ लाख ६० हजारांचं व्याज तुझ्या डोक्यावर आलं. कुटुंबाचं उत्पन्न वर्षाला साडेचार लाखांच्या आत असेल आणि अभ्यासक्रम तांत्रिक किंवा व्यावसायिक असेल, तर शिक्षणाची वर्षं अधिक एक वर्ष एवढ्या काळाचं संपूर्ण व्याज केंद्र सरकार भरतं. ही योजना २००९-१० पासून आहे. तारण किंवा जामीनदार नसलेलं कर्ज आणि कॉलेजला नॅक किंवा एनबीएचं मूल्यांकन, अशा तिच्या अटी आहेत. तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला तेव्हा बँकेला दिला होता का? बँकेनं अनुदानाचा दावा केला होता का? केला नसेल तर का? हे तीन प्रश्न अर्जात घाल. जुन्या वर्षांचे दावे निघणं अवघड असतं, त्यामुळे मी तुला आशा लावत नाही. पण दाखला दिलेला असून चूक बँकेची असेल, तर ३० दिवस उत्तराची वाट बघ आणि मग रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडं तक्रार कर. ती ऑनलाइन होते, फुकट होते. ज्या माफीची घरात चर्चा चालली आहे, तिच्यातला एक तुकडा खरोखर सरकारी योजनेत होता आणि कुणी न सांगितल्यामुळे तो तुझ्या हातातून गेला असावा. गावात यंदा कर्ज काढणारं कुणी असेल तर त्याला हे तू सांग. सरकारी बँकांत मुलींना बहुधा अर्धा टक्का कमी व्याज असतं, तेही तुला लागलंय का पाहून घे.

आता राहिला प्रश्न माफी व्हावी की न व्हावी. मी बँकेत आयुष्य घालवलं म्हणून माफीच्या विरोधात असेन असं लोकांना वाटतं. तसं नाही. महाराष्ट्रात १९८३ साली, वसंतदादा पाटील मुख्यमंत्री असताना, विनाअनुदानित अभियांत्रिकी कॉलेजांना परवानगी मिळाली. त्यामुळे निफाड-सिन्नरच्या पोरापोरींना घराजवळ इंजिनिअर होता आलं, हे मोठंच काम झालं. पण शिक्षणाचा खर्च सरकारच्या तिजोरीतून शेतकऱ्याच्या घरावर आला तोही तेव्हाच. बापानं द्राक्षाच्या भरवशावर सही करायची, पोरीनं पहिल्या पगारापासून फेडायचं, आणि गारपिटीच्या वर्षी दोघांनी एकमेकांपासून तोंड लपवायचं, हे शिकण्याचं मोल मला मान्य नाही. अशा घराला सरकारनं हात द्यावा असं मी मनापासून म्हणते.

तो हात कसा असावा यावर मात्र माझं मत ठाम आहे. सरसकट माफी एका तारखेला होते. त्या तारखेनंतर प्रवेश घेणाऱ्या मुलीला तीच फी आणि तेच कर्ज. आणि तारखेच्या आधी फेडून बसलेली मुलगी पासबुक घेऊन कुणाच्या तरी टेबलासमोर बसते. तुझ्या चुलत बहिणीचं बघ. २०२४-२५ पासून आठ लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या ओबीसी, एसईबीसी आणि ईडब्ल्यूएस मुलींची व्यावसायिक अभ्यासक्रमांची फी राज्य सरकार भरतं. तिच्यावर कर्ज चढलंच नाही. मला माफी अशी, दारातच हवी. तुझ्यासारख्या ज्या मधल्या वर्षांत सापडल्या, त्यांच्यासाठी केरळनं २०१७ ला केलं तसं व्हावं. तिथं कमी उत्पन्नाच्या घरातल्या थकलेल्या शैक्षणिक कर्जात सरकारनं वाटा उचलला, उरलेलं कर्जदारानं भरायचं. ऑस्ट्रेलियात तर १९८९ पासून हप्ता पगारावर ठरतो. पगार ठरावीक रेषेच्या खाली असेल तर त्या वर्षी काहीच कापत नाहीत. १९ हजारांच्या पगाराला ८,१०० चा हप्ता लावणारी पद्धत बदला, ही मागणी तू आणि दादानं आमदारांकडं जरूर न्यावी. मीही सही करीन.

बाबांना सांग, अर्धा एकर विकायचं नाही. त्यांना बहुतेक सातबाऱ्यावर बोजा चढेल ही भीती आहे. साडेसात लाखांपर्यंतच्या शैक्षणिक कर्जाला जमीन तारण लागत नाही. तुम्ही गहाणखत करून दिलेलं नसेल, तर आज तुमच्या उताऱ्यावर या कर्जाचा बोजा नाही. तलाठ्याकडून उतारा काढून त्यांच्या हातात दे, म्हणजे ते स्वतः वाचतील. बँकेला जमिनीपर्यंत यायचं तर आधी दिवाणी दावा, मग हुकूमनामा. नियमित भरणाऱ्याच्या बाबतीत तो प्रश्नच येत नाही. उत्पन्न देणारी बाग विकून साडेदहा टक्क्यांचं कर्ज फेडणं हे त्यांच्या मायेतून आलंय, पण हिशोबात बसत नाही.

लग्नाच्या बोलण्यात कर्ज लपवू नकोस. पहिल्याच भेटीत, कांदेपोहे निवायच्या आत, तू स्वतः सांग: एवढं कर्ज आहे, एवढा हप्ता आहे, लग्नानंतरही माझ्या पगारातून मीच भरणार. जी माणसं त्यावर उठून जातील त्यांच्या घरी तुझा पगार तुझा राहणार नव्हता.

आणि दादा. तो तुझ्या काळजीनं बोलतो आहे, आणि २०१९ ला बाबांना जे झालं ते त्याच्या मनातून गेलेलं नाही. त्याच्याशी वाद घालू नकोस. अर्ज घेऊन बँकेत जाशील त्या दिवशी त्याला बरोबर ने. मुदतवाढीचा अर्ज त्याच्या हातानं लिहून घे, अक्षर त्याचं आणि सही तुझी. व्याज अनुदानाचे प्रश्न अधिकाऱ्याला त्यालाच विचारू दे. पोच मिळाली की मला कळव, आणि बँकेनं काय उत्तर दिलं तेही. पुढचा अर्ज आपण मिळून लिहू.

– तुझी काकू